बारसू, तेलाची पाइपलाइन आणि नोकऱ्या: या धंद्यात काम केलेल्या कुणी सांगेल का?

सड्यावरचा:

नमस्कार मंडळी. मी राजापूर तालुक्यातला. गावाचं नाव मुद्दाम घालत नाही, कारण अर्धा गाव इथलं वाचतो आणि उरलेल्या अर्ध्याला वाचून दाखवतो. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय, चार वर्षं तळोज्याला एका कारखान्यात ठेक्यावर आहे. घरी आई-बाबा, आंब्याची साठेक कलमं आणि थोडी काजू.

आमच्याकडचा विषय सगळ्यांना माहीत आहे. आधी नाणार. वर्षाला ६ कोटी टनांची रिफायनरी म्हणाले, २०१७ मध्ये भूसंपादनाची अधिसूचना निघाली, २०१९ च्या लोकसभेच्या तोंडावर ती रद्द झाली. मग जानेवारी २०२२ मध्ये राज्याकडून दिल्लीला पत्र गेलं: बारसूला १३ हजार एकर घ्या, किनाऱ्यावरच्या नाटे गावात २,१४४ एकर. नाट्याला कच्चं तेल उतरणार आणि कारखाना बारसूच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर), म्हणजे मध्ये तेलाची नळी आलीच. एप्रिल २०२३ मध्ये मातीपरीक्षणाच्या मशिनी सड्यावर चढल्या तेव्हा मी सुट्टीवर घरी होतो. बायका रस्त्यात आडव्या पडल्या होत्या, अश्रुधूर आमच्या वाडीपर्यंत आला. आता प्रकल्प मेला की झोपलाय, कुणी छातीठोक सांगत नाही.

घरात मात्र भांडण जागंच आहे. काका डोंबिवलीला असतात. त्यांचं म्हणणं, लाखावर रोजगार येतोय, तू घरी राहून पगार घेशील, विरोध कसला करता. सातबाऱ्यावर एकोणीस नावं आहेत, त्यात त्यांचंही आहे, तेव्हा आवाज मोठा. आई म्हणते, नोकरी तुला लागेल की नाही देव जाणे, कलम तर लागलेलंच आहे.

मला राजकारण नको. दोन्ही बाजूंचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज माझ्याकडे पोतंभर पडलेत. तेलाच्या पाइपलाइनवर खरंच काम केलेल्या कुणी सांगा: माझ्यासारख्याला त्यात नोकरी किती? आणि नळी फुटते का? फुटली तर काय होतं?

लोटेकर:

पाइपलाइनचं मला कळत नाही, कारखान्याचं कळतं. माझं घर लोट्याच्या केमिकल एमआयडीसीवर उभं आहे, दोन्ही मुलं त्याच पगारावर शिकली. दाभोळ खाडीत मासे मारणाऱ्या भोयांना विचारलंत तर ते मला शिव्या घालतील, आणि त्यांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. पण मुंबईला जाऊन दहा बाय दहाच्या खोलीत राहायचं आणि फोनवर कोकण वाचवायचं, हे मला पटत नाही. नोकरी हवी असेल तर धूर थोडा सोसावा लागतो. तुझे काका अगदीच चूक नाहीत.

उरणचा एडमंटनवाला:

उत्तर लांब होणार आहे. चहा घेऊन बस. तुला अरे-तुरे करतोय, माझा मोठा तुझ्याच वयाचा आहे.

मी मूळ उरण तालुक्यातला, खाडीकाठचा. आयटीआय वेल्डर, मग नऊ वर्षं आखातात, २००९ पासून कॅनडात, अल्बर्टातल्या एडमंटनला. काम पाइपलाइन तपासायचं. पुरलेली नळी उकरायची, तिच्या अंगावरचं आवरण सोलायचं आणि गंज किती खोल गेलाय, भेग किती लांब आहे ते मोजायचं. माझं पोट तेलावर चालतं हे आधीच सांगतो, नंतर कुणी शोधून काढायला नको.

आधी नोकऱ्यांचं. इथे कीस्टोन एक्सएल नावाची लाइन व्हायची होती. अल्बर्टातल्या हार्डिस्टीपासून अमेरिकेतल्या नेब्रास्कातल्या स्टील सिटीपर्यंत, १,८९७ किलोमीटर, रोज ८ लाख ३० हजार पिंपं तेल. २००८ पासून तिच्यावर भांडण. लाइनच्या बाजूने बोलणारे छातीवर आकडा लावून फिरायचे: ४२ हजार नोकऱ्या. विरोधक म्हणायचे, हट्, पस्तीस. मजा ही, की दोन्ही आकडे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या २०१४ च्या एकाच अहवालातले. ४२,१०० हा आकडा बांधकामाच्या एक-दोन वर्षांचा, आणि त्यात वेल्डरपासून त्याला जेवण वाढणाऱ्या खानावळीतल्या पोरीपर्यंत सगळे धरलेले. प्रत्यक्ष लाइनवर राबणारे, वर्षभराच्या कामाच्या हिशेबाने, ३,९०० च्या घरात. आणि एकदा तेल वाहायला लागलं की ५०. त्यातले कायमचे ३५, बाकीचे १५ ठेक्याचे. एकाच पुस्तकाची वेगवेगळी पानं फाडून दोघं भांडत होते.

पस्तीसच का, हे कळायला पाइपलाइन पाहिलेली असावी लागते. तेल ढकलायला माणूस लागत नाही, पंप लागतो. तो पंप दीड-दोन हजार किलोमीटरवरच्या एका खोलीतून चालू-बंद होतो. वाटेतल्या पंपघरात तू गेलास तर कुंपण, आवाज आणि एक कुलूप, एवढंच भेटेल.

म्हणून काकांना ‘किती नोकऱ्या’ विचारू नकोस, ‘किती दिवसांच्या’ ते विचार. माझ्या बाबांना हे कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या खाडीकाठी एक प्रकल्प आला तेव्हा बाबांना ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून घेतलं. पहिल्या पगारात घरी रेडिओ आला, आजीला लुगडं आलं. अकराव्या महिन्यात कामात खंड दिला (कायम करायला नको म्हणून), मग परत घेतलं, मग काम संपलं. भातशेती तोवर भरावाखाली गेली होती. प्रकल्पग्रस्ताचा दाखला आईने ट्रंकेत साड्यांखाली जपून ठेवला होता, कागद मऊ पडला तरी नोकरी काही आली नाही. जाहीर केलेल्या आकड्यात बाबा नक्की मोजलेले असणार. एक नोकरी म्हणून.

पण बांधकामातली नोकरी म्हणजे नोकरीच नाही, असंही मी म्हणणार नाही. लोटेकरांचा राग मला कळतो. माझ्यासोबत एक न्यूफाउंडलंडचा वेल्डर होता, मासेमारी बंद पडलेल्या गावातला. २०२० मध्ये तो कीस्टोनच्या कामावर ओयेनला गेला. ओयेन हे अल्बर्टाच्या पूर्व टोकाचं हजारभर वस्तीचं गाव. लाइनच्या कामगारांसाठी तिथे कॅम्प उभा राहिला, हॉटेलवाल्यांचे दिवस आले. २० जानेवारी २०२१ ला बायडन यांनी शपथ घेतली आणि त्याच दिवशी परवाना रद्द. जूनमध्ये कंपनीने प्रकल्पच गुंडाळला. त्या वेल्डरने नवा पिकअप ट्रक घेतला होता, हप्ते डोक्यावर. मला म्हणाला, तुझ्या पर्यावरणवाल्यांना सांग, माझा ट्रक तेवढा घेऊन जा. मी पर्यावरणवाला नाही हे त्याला माहीत होतं, पण त्या दिवशी त्याला कुणावर तरी ओरडायचं होतं.

आता तुझा दुसरा प्रश्न, फुटते का. फुटते. रोज नाही, पण फुटते. आणि फुटते तेव्हा घात बहुतेक वेळा नळीपेक्षा माणसाच्या डोक्यात होतो. हे मी एका उदाहरणाने सांगतो. आमच्या धंद्यात ते प्रशिक्षणातच शिकवतात.

२५ जुलै २०१०, रविवार. अमेरिकेत मिशिगन राज्यात मार्शल नावाचं गाव. एनब्रिज कंपनीची ३० इंची लाइन, १९६९ ची. संध्याकाळी सहाला दोन मिनिटं कमी असताना ती फुटली, साडेसहा फुटांहून लांब चीर. लाइन ठरल्याप्रमाणे थोड्या वेळासाठी बंद करत होते, नेमकी त्याच वेळी. तिची कंट्रोल रूम होती इथे, एडमंटनमध्ये. अलार्म वाजले. पडद्यापुढच्यांनी ठरवलं, नळीत तेलाची सलग धार तुटलीय, पोकळी झालीय, म्हणून दाब पडलाय. असं खरंच होतं कधीकधी, त्यामुळे समजूत अगदी मूर्खपणाची नव्हती. पाळी बदलली, नवी माणसं आली, समजूत तीच राहिली. पोकळी भरून काढायला म्हणून पहाटे लाइन सुरू केली. दाब चढेना. बंद केली. सकाळी पुन्हा सुरू केली. चौकशीत निघालं, की जेवढं तेल सांडलं त्यातलं ८१ टक्के या दोन वेळच्या सुरू करण्यात सांडलं.

मार्शलच्या लोकांनी मात्र रात्रीच फोन केले होते, घाण वास येतोय म्हणून. अग्निशमनवाले आले, वास घेत हिंडले, काही सापडेना म्हणून परत गेले. शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाअकराला एका गॅस कंपनीच्या माणसाने फोन करून सांगितलं, अहो, तुमचं तेल ओढ्यात आहे. सतरा तास. साधारण ३२ लाख लिटर. टाल्मेज नावाच्या ओढ्यातून ते कालामाझू नदीत गेलं.

त्यातलं तेलही साधं नव्हतं. अल्बर्टातलं वाळूतलं तेल डांबरासारखं घट्ट असतं, ते वाहावं म्हणून त्यात हलका द्रव मिसळतात. नदीत तो हलका भाग उडून गेला आणि उरलेलं जड तेल गाळाला चिकटून तळाशी बसलं. तेल पाण्यावर तरंगतं, हे ज्यांच्या सगळ्या उपकरणांनी गृहीत धरलेलं, त्यांना नदीचा तळ उपसावा लागला. वर्षानुवर्षं. खर्च १०० कोटी डॉलरच्या पुढे गेला. तुमच्याकडे येणार म्हणत होते ते बहुतेक आखाती तेल, सौदी आणि अबुधाबीच्या कंपन्या भागीदार होणार होत्या ना. ते तरंगणारं. पण तरंगणारं म्हणजे बरं, असं समजू नकोस. पुढचं ऐक.

कालामाझूच्या बातम्या मी टीव्हीवर बघत होतो. कॅनडात नवा, जेमतेम वर्ष झालेलं. त्याच पंधरवड्यात, ७ ऑगस्टला, मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया या दोन बोटी आपटल्या. ती पाइपलाइन नव्हती, बोटीचं इंधन होतं, ८०० टनांच्या आसपास. भावाचा फोन आला. म्हणाला, दादा, भरतीने तेल आत आणलंय, तिवरांची (खारफुटीची) मुळं गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत काळी झालीत, कुणीतरी ब्रशने रंगवल्यासारखी, एका रेषेत. ओहोटीला पाणी गेलं, रेषा राहिली. निवट्या नावाची मासळी चिखलातून वर यायची ती दिसेना. बाजारात मासळी कुणी घेईना, जी मासळी खोल समुद्रातली होती तीसुद्धा. उरणचा जिताडा म्हटलं की एरवी माणसं भाव करत नाहीत, तेव्हा फुकट नको म्हणायची.

तिवरात शिरलेलं तेल पुसता येत नाही. नदीचा तळ उपसता येतो, पैसे असतील तर. तिवरांची एकेक काडी पुसत कोण बसणार? आता नाट्याची खाडी डोळ्यांसमोर आण. तू ती पाहिलेली आहेस, मी नाही.

राहिली माझ्या कामाची गोष्ट. मार्शलची ती नळी का फुटली? तिच्या अंगावर प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळलेली होती, त्या काळची पद्धत. पट्टी सुटली, आत ओल गेली, गंज धरला, भेगा पडल्या. त्या जागी भेगा असल्याचं २००५ च्या तपासणीत दिसलं होतं. पाच वर्षं कुणी उकरलं नाही. आम्ही नळीच्या आतून तेलासोबत एक यंत्र सोडतो, त्याला पिग म्हणतात, डुक्कर. ते लोहचुंबकाने भिंतीची जाडी चाचपत जातं आणि शेवटी हजारो जागांची यादी देतं. यादी मिळणं सोपं. त्यातल्या कुठल्या जागा उकरायच्या, हे कुणीतरी ऑफिसात बसून ठरवतो, कारण प्रत्येक खड्ड्याला पैसे लागतात.

मी एकदा फेब्रुवारीत, उणे तीस असताना, तंबूत हीटर लावून अशी एक नळी सोलली. पट्टी हाताने निघाली, भिजलेल्या बँडेजसारखी, खाली पाणी. गंजाचे खड्डे बोटाच्या पेराएवढे, एकाला एक लागून. बाहेर शेतमालक उभा, म्हातारा, कनोला पिकवणारा. त्याने विचारलं, बरी आहे ना? मी म्हटलं, म्हणूनच आलोय. तो हसला नाही. त्या शेतात तो गेली चाळीस वर्षं नळीच्या डोक्यावरून ट्रॅक्टर फिरवत होता.

गळती कळते कशी, हे काकांनी विचारलं तर सांग. संगणक आत गेलेलं आणि बाहेर आलेलं तेल मोजतो. मोठी फूट लगेच कळते, माणसाने विश्वास ठेवला तर. पण वाहत्या तेलाच्या टक्काभराहून कमी झिरपत असेल तर हा हिशेब ते सहसा पकडत नाही. टक्का म्हणजे किरकोळ वाटतो. कीस्टोन एक्सएलच्या मापाने एक टक्का म्हणजे दिवसाला ८,३०० पिंपं, तेरा लाख लिटर. बारा हजार लिटरचे शंभरावर टँकर. २०१३ मध्ये नॉर्थ डकोटात टायोगाजवळ २०,६०० पिंपं गळली, ती सापडली गहू काढणाऱ्या एका शेतकऱ्याला. हार्वेस्टरची चाकं तेलाने माखली तेव्हा.

एक बाजू राहू नये म्हणून: पाइपलाइन नको म्हटल्याने तेल थांबत नाही, ते दुसऱ्या वाटेने जातं. ६ जुलै २०१३ ला क्युबेकमध्ये लाक-मेगांतिक गावात कच्च्या तेलाची रेल्वे उतारावरून सुटून बाजारपेठेत घुसली. ४७ माणसं जळाली. त्या आठवड्यात आमच्याकडे सगळे म्हणत होते, बघा, नळीच बरी होती. खरं होतं ते. म्हणून मी अजून या धंद्यात आहे.

आता तुमच्या कलमांपुरतं. रिफायनरीची जमीन संपादन होते, मालकीच जाते. नळीची तशी नाही. त्यासाठी १९६२ चा वेगळा कायदा आहे, त्यात जमीन तुमचीच राहते, सरकार फक्त वापराचा हक्क घेतं. भरपाई बाजारभावाच्या १० टक्के, शिवाय झाडापिकाच्या नुकसानीचे वेगळे पैसे. सातबाऱ्यावर नाव तसंच, ‘इतर हक्कात’ शेरा. ऐकायला छान. पण त्या पट्ट्यात, साधारण १८ मीटर रुंद, तुम्हाला घर बांधता येत नाही, विहीर खणता येत नाही, झाड लावता येत नाही. भातवाल्याला हे चालतं, भात परत पेरता येतो. कलमवाल्याला? पट्ट्यातलं कलम गेलं की त्या जागी पुन्हा कलम नाही. पैसे एकदाच्या झाडाचे, आणि जागा कायमची. बाजारभाव तोही सड्याचा धरला, तर दहा टक्के म्हणजे काय येईल ते तूच मांड.

रिफायनरीत कायमची माणसं पाइपलाइनपेक्षा पुष्कळ जास्त लागतात, हे कबूल. पाळ्या असतात, दुरुस्ती सतत असते, तुझ्यासारखा फिटर तिथे लागतो. पण तिथेही बांधायला किती आणि चालवायला किती, हे वेगवेगळं लिहून मागा. एकत्र बेरीज दिली की समजायचं, कुणाला तरी अकराव्या महिन्यात खंड मिळणार आहे.

साखरी नाट्याची सून:

एडमंटनवाल्या दादांनी आमची खाडी पाहिलेली नाही, म्हणून सांगते. माझ्या सासऱ्यांच्या दोन बोटी. पहाटे बंदरावर या, बर्फाच्या गाड्या, टोपल्या, लिलाव, डिझेलवाला, जाळी शिवणारे, सुकटवाल्या. एका बोटीमागे किती घरं जेवतात ते कुठल्याच अहवालात मोजलेलं मी पाहिलं नाही. आणि गंमत सांगू? आमच्या बोटीवर खलाशी नेपाळचे. ऑगस्टला येतात, मेअखेर जातात. इथल्या पोरांना विचारलं तर म्हणतात, खलाशी म्हटलं की लग्न जुळत नाही. तळोज्याला ठेक्यावर बारा तास उभं राहिलं की जुळतं.

समोर माडबनला अणुऊर्जेचा प्रकल्प म्हणून २०१० पासून गडबड चालू आहे, ९,९०० मेगावॉटचा. जमिनी गेल्या, कुंपण झालं, वीज अजून नाही. तेव्हाही नोकऱ्यांचे आकडे होते. माझा दीर तेव्हा आयटीआयला होता, आता त्याची मुलगी दहावीला आहे.

जमीनवाल्यांना निदान सातबारा तरी आहे. समुद्राचा सातबारा आमच्या नावावर कुणी केलेला नाही. तेल आलं तर भरपाईचा अर्ज मी कुठल्या कागदावर करू?

सड्यावरचा:

ताई, लागलं. खरं सांगतो, आमच्या कलमांत मोहोरापासून काढणीपर्यंत राखण करतात तेही नेपाळीच. घरी पगारावर परका माणूस आणि मी तळोज्यात ठेक्यावर. हे आईने कधी तोंडावर म्हटलं नाही, तिचे आभार.

एडमंटनवाले काका, तुमचं उत्तर बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. १८ मीटरचं ऐकून उठले आणि कलमांत जाऊन पावलं मोजून आले. वरच्या कुंपणाशी लाइन गेली तर सात कलमं, मधून गेली तर बावीस. काकांना फोटो पाठवलाय. डोंबिवलीहून अजून निळी टिक नाही.

काकांना एकदम विरोधक ठरवू नये असं वाटतं. त्यांनी गिरणीत दिवस काढले, गिरणी गेली. त्यांना नोकरी हा शब्द वेगळा ऐकू येतो. तुमच्याकडे घरात अशी दोन तोंडं झाली तर लोक काय करतात?

उरणचा एडमंटनवाला:

भांडतात. अजून काय. ब्रिटिश कोलंबियात कोस्टल गॅसलिंक नावाची ६७० किलोमीटरची गॅसलाइन झाली, वेटसुवेटन आदिवासींच्या मुलखातून. त्यांच्या निवडून आलेल्या मंडळांनी कंपनीशी करार केले, कारण वस्तीत काम नव्हतं. वंशपरंपरेने आलेले त्यांचे प्रमुख म्हणाले, जमिनीचा निर्णय मंडळाचा नाहीच, आमचा. २०२० च्या फेब्रुवारीत त्यापायी देशभर ठिकठिकाणी रेल्वे अडली. बाहेरच्यांना वाटलं आदिवासी विरुद्ध कंपनी. आत बघितलं तर भाऊ विरुद्ध भाऊ, दोघांच्याही म्हणण्यात दम. लाइन झाली, वाद मिटला नाही.

काकांना विरोधाचं पत्र सही करायला देऊ नकोस, ते करणार नाहीत. प्रश्नांचं पत्र दे. बांधकामात किती माणसं किती महिने, चालू झाल्यावर कायम किती, त्यात डिप्लोमा-आयटीआयवाले किती, ठेक्याचे किती. नळी कुठून जाणार, गळती कितीपासून पुढे कळणार, झडप बंद व्हायला किती मिनिटं, खाडीच्या दोन्ही अंगांना झडप आहे का. सांडलं तर पुसायची बोट नाट्याला उभी असणार की मुंबईहून येणार. आणि ताईंचा प्रश्न जसाच्या तसा घाल, मला त्याचं उत्तर देता येत नाही. या पत्रावर काका सही करतील. नोकरी हवी असलेल्या माणसालाच हे प्रश्न जास्त लागतात.

लोटेकर:

हे पत्र आमच्या वेळी कुणी लिहिलं असतं तर मी सही केली असती. मी वर लिहिलेला ‘थोडा धूर’ मागे घेत नाही, पण ‘थोडा’ म्हणजे किती ते मीही कधी विचारलं नव्हतं.

सड्यावरचा:

निळी टिक आली. काकांचं उत्तर: ‘बावीस नाही, तेवीस. विहिरीजवळचं पायरी आंब्याचं झाड धरलं नाहीस.’ बस, एवढंच. पण मोजायला बसले म्हणजे झालं.

एक शेवटचं तांत्रिक. नळी किती खोल पुरतात? आजोबांनी सड्याच्या कडेला विहीर खणली तेव्हा दोन उन्हाळे गेले होते, वरून हातभर माती नाही, नुसता जांभा.

उरणचा एडमंटनवाला:

मीटरभर तरी डोक्यावर झाकण हवं. इथे काळी माती, मशीन सकाळी लावलं की संध्याकाळी चर तयार. जांभा कापता येतो, खाली काळा दगड लागला तर सुरुंग. म्हणजे सड्यावर ते काम गुपचूप होणार नाही, घरातली भांडी सांगतील. बारसूची कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आहेत, ती कुठे कुठे आहेत त्याचा नकाशा पत्राला जोड. सुरुंग किती अंतरावर, हाही प्रश्न घाल.

सड्यावरचा:

मसुदा रविवारी इथेच टाकतो, चुका काढा. आई विचारतेय, त्या एडमंटनवाल्यांना तिकडे आंबा मिळतो का.

उरणचा एडमंटनवाला:

मिळतो म्हणावं. मेक्सिकोचा, पिवळा, चपटा. मे महिन्यात पेटी आणतो आणि बायकोला सांगतो, हापूस समजून खा. ती म्हणते, समजूत घालायचं काम पाइपलाइनवाल्यांना बरं जमतं.